न भरायची वाटी

धाकटीला घोड्यांपेक्षा घोड्यांचे ओठ जास्त आवडायचे. तळहातावर भिजवलेल्या जवसाची चिमूट ठेवावी, घोड्याने मान खाली घालावी आणि एवढ्या थोरल्या जनावराने ती चिमूट इतक्या अलगद टिपावी, की झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण कुणी सारखं करतंय असं वाटावं. दात लागत नाहीत. नुसती मखमल आणि गरम वाफ. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सुरुवातीच्या त्या परक्या दिवसांत तिला आपली वाटलेली एवढी एकच गोष्ट होती. तिचा नवरा नालबंद. जन्मभर घोड्यांचे खूर मांडीवर घेऊन बसलेला माणूस. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "ही माझ्यासाठी नाही हो राहिली या घरात. घोड्याच्या पुढच्या टोकासाठी राहिली. मागचं टोक तेवढं माझ्या वाट्याला."

घराचा धंदाच तसा दुहेरी होता. पुरुषांनी नाल ठोकायचे आणि बायकांनी पाला बघायचा. घोडा नाल मारायला आला, की नालबंद खूर धरायचा आणि घरातली बाई पुढून त्याचे डोळे, हिरड्या, जीभ बघायची, पोटाला कान लावायची, लीद काडीने फोडून बघायची. मागच्या अंगणाला लागून पाल्याची खोली होती. तिला खिडकी एकच, तीही उत्तरेला, कारण उन्हाने पाल्याचा जीव जातो. आढ्याला पुदिन्याच्या जुड्या उलट्या टांगलेल्या, फळीवर ज्येष्ठमधाच्या काड्या, बाबुन्याची वाळलेली फुलं, मेथ्या, ओवा, बडीशेप. बरणीत झेंडूच्या पाकळ्या तेलात मुरत पडलेल्या, जखमेसाठी. लसणाची माळ मात्र दाराबाहेर. ती घोड्यापुरती, कुत्र्यामांजराला लसूण नाही, हे धाकटीच्या मोठ्या जावेने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

ही मोठी जाऊ म्हणजे सगळ्यांची थोरली. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, पण घरावर छत असावं तशी ती होती. बोलायला फटकळ. धाकटीला तिने हाताखाली घेतलं ते असं, "हे बघ धाकटे, आपण वैदू नाही आणि डॉक्टर तर नाहीच. पोट फुगलं, ताप चढला, हाड मोडलं, की धावत जाऊन डॉक्टरला आणायचं. आपलं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आणि एक लक्षात ठेव. जनावराला सांगायचं नाही, विचारायचं."

विचारायचं म्हणजे वाट्या लावायच्या. उथळ लाकडी वाट्या एका ओळीत मांडायच्या, प्रत्येकीत एकेक जिन्नस, आणि जनावराला मोकळं सोडायचं. ते हुंगतं, तोंड फिरवतं, पुढे जातं, एखाद्या वाटीशी थांबतं. जिथे थांबेल ते त्याला हवं. खोकणारा घोडा ज्येष्ठमध सोडून पुदिन्याकडे गेला तर पुदिना. आपली अक्कल मध्ये घालायची नाही.

ओळीच्या शेवटी एक वाटी रिकामी असायची.

तिच्या काठाला सुरीने एक खाच पाडलेली होती. तिच्यात कधी काही ठेवायचं नाही, भिजवायचं नाही, तिच्यातून पाणीसुद्धा प्यायचं नाही. ती धुवायचीही नाही, कोरड्या फडक्याने पुसायची आणि उपडी ठेवायची. आणि एखादं म्हातारं जनावर सगळ्या वाट्या ओलांडून तिच्याशी गेलं, तिच्यात तोंड घालून थांबलं, तर बाकीच्या वाट्या गुपचूप उचलायच्या. मालकाला सांगायचं, घरी न्या, मऊ अंथरूण घाला, आज जवळ बसा.

"ती कशाला लागते?" धाकटीने एकदा विचारलं होतं.

"दाराला बाहेर पडायची पण बाजू असते ना?" थोरली म्हणाली. "त्यातलंच."

धाकटीने हे कधी फार मनावर घेतलं नाही. त्या घरात असल्या गोष्टी पुष्कळ होत्या. त्यांच्या सासूबाईंचंच बघा ना. त्या कुणाच्या हातून हातात काही घेत नसत. किल्ल्या द्या, सुई द्या, फूल द्या, त्यांचं एकच, "ठेव तिथे." नळाखाली ओंजळ धरून त्यांनी कधी पाणी प्यायलं नाही, घोड्याला हातावर साखरेचा खडा दिला नाही. गल्लीत त्यांना राणीसाहेब म्हणायचे. दोघी सुना पाल्याच्या खोलीत तोंडात पदर कोंबून त्यांची नक्कल करायच्या. "ठेव तिथे!" म्हणत एकमेकींना वाट्या द्यायच्या आणि हसून हसून खाली बसायच्या. पुढे सासूबाई गेल्या, सासरे त्यांच्याआधीच गेलेले, आणि त्या हसण्याचीही कधीतरी सवय मोडली.

थोरली गेली ती पानगळीच्या दिवसांत. मागे राहिली तिची घोडी, काजळी. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावाने थेट मालकिणीसारखी. मनात नसेल तर जागची हलायची नाही. थोरलीने तिला शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. आता तिचे दात झिजले होते, पाठ खाली गेली होती, पिंजलेलं गवतही ती चघळून बाहेर टाकायची. डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या. त्या गावच्या जनावरांच्या डॉक्टर, अंगाने आडव्या, कामाला चोख, धाकटीच्या पाल्याला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही.

"मूत्रपिंडं थकलीत," त्या म्हणाल्या. "दुखत नाहीये तिला, एवढं समाधान माना. तुमचं जवसाचं पाणी चालू ठेवा. पोटाला बरं वाटेल."

"उठेल ना?"

"वय झालंय हो."

वय काय, सगळ्यांचंच झालंय, धाकटी मनात म्हणाली. थोरलीचा आवाज ओळखणारं, थोरलीच्या हाकेला कान टवकारणारं जिवंत असं आता एवढं एकच उरलं होतं. धाकटी गोठ्यात शिरली की काजळी तिच्याकडे बघायचीच नाही. तिच्या खांद्यामागे बघायची, जिथे थोरली उभी राहायची. आणि त्यामुळे धाकटीलाही वाटायचं, की आहे, मागेच आहे. काजळी गेली असती तर ती मागची जागाही गेली असती.

तिने वाट्या लावल्या. काजळीने पुदिना ओलांडला, बाबुना ओलांडला, मेथ्यांकडे बघितलं नाही. ओळीच्या टोकाला गेली आणि रिकाम्या वाटीत तोंड घालून उभी राहिली.

"चुकलीस तू," धाकटी म्हणाली. "नीट बघ."

तिने वाट्यांची जागा बदलली. रिकामी मध्यभागी, मग सुरुवातीला, मग खांबामागे. काजळी खांबामागे गेली.

तेव्हा धाकटीने ती गोष्ट केली. रागाने नाही, हट्टानेही नाही, मूल रडायला लागल्यावर आई हाताला लागेल ते त्याच्यापुढे धरते तशी. मूठभर बडीशेप खलबत्त्यात ठेचली, मधात कालवली आणि खाचेच्या वाटीत घातली. काजळीला शिंगरूपणापासून तीच आवडायची. घोडीने मान वर केली. धाकटीच्या खांद्यामागे बघितलं, बराच वेळ. मग मान खाली घालून वाटी चाटून पुसून साफ केली.

दुसऱ्या दिवशी काजळीने गवत खाल्लं.

घरात आनंदीआनंद झाला. नालबंद म्हणाला, "म्हातारी तर पळायला लागेल. नाल नवे करू का हिचे?" काजळीच्या अंगावर तकाकी आली, पाठ भरली. आणि एक गंमत झाली. दाराशी येणारी बाकीची जनावरंही त्याच वाटीकडे जायला लागली. घड्याळजींचा म्हातारा कुत्रा भुंग्या, दोन्ही डोळ्यांनी आंधळा, मागचे पाय ओढत आला तो थेट त्या वाटीशी. शिंपीणबाईंचा बोका, अन्नपाणी सोडलेला, टोपलीतून उतरला तो त्या वाटीशी. धाकटीने आता तिच्यात जे त्या त्या जनावराला चालेल ते घालायला सुरुवात केली होती. काही घाला, जनावर खायचं आणि बरं व्हायचं. माणसं लांबून यायला लागली. धाकटीला वाटलं, थोरलीला उगीचच धाक होता. एवढा चांगला गुण, आणि आयुष्यभर उपडा घातलेला!

फक्त एकदा सकाळी तिने काजळीपुढे हातावर जवस धरला. काजळीने टिपला. ओठ मऊ होते, दात लागले नाहीत, सगळं नेहमीसारखं. पण वाफ नव्हती. धाकटीने तळहात बघितला. कोरडा होता. आणि गार, दगडी फरशीवर टेकवावा तसा.

थंडीमुळे असेल, म्हणून तिने विषय मनातून काढला.

मग घड्याळजी आले. हे गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले, बारीक आवाजाचे, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. दारातच घुटमळले.

"वहिनी, भुंग्या बरा झालाय."

"मग चांगलंच की!"

"हो. म्हणजे... खातो. पाय ओढत नाही. पण बसत नाही तो. रात्रंदिवस उभा. भुंकत नाही, शेपूट हलवत नाही. चावी दिलेल्या घड्याळासारखा." त्यांनी टोपी काढून परत घातली. "कसं सांगू? कुत्रा बरा आहे, पण कुत्रा घरात नाहीये."

"काहीतरीच काय! कुठे उभा असतो?"

"भिंतीकडे तोंड करून. आधी मला वाटलं, आंधळाच तो, त्याला काय. मग लक्षात आलं, ती भिंत तुमच्या घराकडची आहे."

धाकटी त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेली. भर दुपार होती, लख्ख ऊन. तिने पहिल्यांदाच गल्ली नीट बघितली. समोरच्या माडीच्या खिडकीत शिंपीणबाईंचा बोका बसला होता, पुढचे पाय जुळवून, धाकटीच्या दाराकडे बघत. शेजारच्या फाटकाशी एक म्हातारी शेळी उभी होती, तिचीही मान इकडेच. पलीकडच्या पायरीवर आणखी एक कुत्रा, त्यापलीकडे कुणाचं तरी खेचर. सगळी तुकतुकीत, भरलेल्या अंगाची. कुणी हलत नव्हतं. माशी बसली तर कातडी थरथरत नव्हती. एखाद्या दवाखान्याबाहेर माणसं बसतात ना, आपला नंबर येईल म्हणून, दाराकडे डोळे लावून, तशी ती जनावरं होती. आणि गल्लीत आवाज नव्हता. तिला आठवेना, शेवटचं भुंकणं कधी ऐकलं होतं.

तिने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी काजळीच्या बरगडीला नळी लावली आणि ऐकत राहिल्या. जागा बदलून पुन्हा ऐकलं. मग नळी गळ्यात घालून बादलीवर बसल्याच.

"थांबलंय का?" धाकटीने विचारलं.

"नाही, ऐकू येतंय. ठोके नीट पडतायत." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पण ते इथून येत नाहीयेत. लांबून येतायत. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी दार ठोठावावं, तसे. तुम्ही हिला दिलंय काय?"

धाकटीने सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला याच्यावर औषध माहीत नाही. झोपवायचं इंजेक्शन मी हिला दिलं असतं. पण खरं सांगू? ते हिला लागेल असं मला वाटत नाही. परवा घड्याळजींच्या कुत्र्याला नाही लागलं."

त्या गेल्यावर धाकटी वाटी घेऊन नळाशी बसली. वाळूने घासली. शिरका ओतून ठेवला. उन्हात वाळवली, पुन्हा घासली, सालपटं निघाली बोटांची. काजळीपुढे ती कोरडी ठक्क वाटी धरली. काजळीने हुंगलं आणि रिकाम्या लाकडावरून जीभ फिरवायला लागली, शांतपणे, पोटभर काही असल्यासारखी. धाकटीने वाटी नाकाशी नेली. बडीशेपेचा वास. लाकूड एकदा प्यायलं की प्यायलं.

"एवढी साधी गोष्ट मला कळू नये," ती नवऱ्याला म्हणाली. तो ऐरणीशी बसून नाल कानशीने घासत होता. "दुसरी करून घेऊ सुताराकडून. चांगल्या लाकडाची."

नालबंदाने कानस खाली ठेवली. "दुसरी नाही चालणार. ही बाबांनी केली तेव्हा आईने तिच्यावर हात ठेवला होता, स्वतःजवळचं हिच्यात दिलं होतं. असं बाबा म्हणायचे."

"काय दिलं होतं?"

"अगं, वाटी नव्हती पूर्वी. आईची ओंजळच होती." तो बोलत होता तो नालाकडे बघत. "जनावर यायचं, आई रिकामी ओंजळ पुढे धरायची, जनावर तोंड टेकवायचं आणि मग घरी जाऊन सुखाने पडायचं. पण ओंजळ एकदा त्या कामाला दिली की परत घेता येत नाही. तिच्यात दुसरं काही ठेवायचं नाही. म्हणून ते 'ठेव तिथे'. तुम्ही दोघी हसायचात, मला ऐकू यायचं."

धाकटी त्याच्याजवळ खाली बसली.

"मला आईने हाताने कधी भरवलं नाही," तो म्हणाला. "चमच्याने. गालाला हात लावायची, पण उलटा. बाबांना ते बघवायचं नाही. सुना येतील त्यांचे हात तरी मोकळे राहावेत म्हणून त्यांनी ती वाटी कोरली. आईचे नाही सुटले. तुमचे सुटले."

कानस पुन्हा चालू झाली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी काही सांगत नाहीये तुला. एवढंच, की तू विचारलंस."

पुढचे काही दिवस धाकटीने काहीच केलं नाही. स्वयंपाक केला, जुड्या बांधल्या, अंगण झाडलं. फाटकाशी दोन जनावरं वाढली. काजळी तिच्या खांद्यामागे बघायची, पण आता त्या बघण्यात ओळख नव्हती. पूर्वी तिथे थोरली असायची. आता काजळी नुसती तिथून पलीकडे बघत होती, जाळीआडून रस्ता बघावा तशी. धाकटीने मागे वळून बघितलं. मागे भिंत होती. ज्या जागेसाठी तिने हे सगळं केलं होतं, ती जागा केव्हाच रिकामी झाली होती.

एका सकाळी एक तरणं खोंडासारखं तट्टू नाल ठोकायला आलं, खोडकर, नालबंदाच्या पाठीवरचा सदरा ओढणारं. धाकटीने जवस भिजवला होता. चिमूट चिमूट करून तिने सगळा वाडगा त्याला तळहातावरून भरवला. मखमल, गरम वाफ, बोटांवर लाळ. तट्टाला पुरे झालं, तरी ती धरत राहिली.

"अगं, फुगेल ते," नवरा मागून म्हणाला. मग त्याने तिचं तोंड बघितलं. तट्टाचा चौथा पाय त्याने उगाचच खूप वेळ धरून ठेवला.

मग तिने हात धुतले, साबणाने, कोपरापर्यंत. पुसले नाहीत, उन्हात वाळू दिले. गोठ्यात गेली, काजळीपुढे उभी राहिली आणि दोन्ही हातांची ओंजळ केली. काही न ठेवता. इतक्या वर्षांच्या पाल्याचा वास त्या हातांना होता, म्हणून तिला धाकधूक होती. पण हात म्हणजे लाकूड नव्हे. हाताला देता येतं.

"घे," ती म्हणाली. "जा बाई. मी नाही धरत."

काजळीचे कान हलले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. तिने मान खाली घातली, ओंजळीत तोंड टेकवलं आणि श्वास सोडला. गरम. ओला. इतका लांब, की धाकटीला वाटलं याला शेवट नाही, हा श्वास हिचा एकटीचा नाही, आत साठलेलं सगळं येतंय. कुठेतरी पलीकडे दार ठोठावायचं थांबलं. काजळीने पुढचे गुडघे मोडले, मग मागचे, आणि पेंढ्यावर आडवी झाली, दमून घरी आलेलं माणूस होतं तशी.

धाकटी वळली तेव्हा गोठ्याच्या दारात भुंग्या उभा होता. त्याच्यामागे बोका. बोक्यामागे शेळी. कुणी ढकलत नव्हतं, कुणी पुढे घुसत नव्हतं. ती पेंढ्यावर बसली आणि ओंजळ खाली आणली, कुत्र्याला पुरेल इतकी.

ऊन कलताना गल्लीत घड्याळजी पायरीवर बसून रडत होते आणि त्यांच्या मांडीवर भुंग्या निजला होता, पाय पसरून, अगदी भुंग्यासारखा. लांब कुठेतरी एक तरुण कुत्रा भुंकला. दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं. शिंपीणबाई खिडकीतून कुणाला तरी शिव्या देत होत्या. ऐकायला बरं वाटत होतं.

त्यानंतर पाल्याची खोली चालूच राहिली. धाकटी वाट्या लावते, जुड्या बांधते, डॉक्टरीणबाईंना वेळेवर निरोप धाडते. हातात मात्र काही घेत नाही. तांब्याने पाणी पिते. कुणी किल्ली पुढे केली, की म्हणते, "ठेव तिथे." गल्लीतल्या पोरीबाळी तोंडावर हात ठेवून हसतात. तिला ते हसणं ओळखीचं आहे. खाचेची वाटी तिने चुलीत घातली. बडीशेपेचा वास दोन दिवस घरात होता.

तट्टू आता मोठं झालंय. ते अजून तिचा हात हुंगतं आणि मान वळवतं. तिला वाईट वाटतं आणि त्याहून जास्त हायसं वाटतं.

नालबंद हल्ली लवकर दमतो. भाता सोडून मध्येच उठतो, दारात येऊन उभा राहतो. परवा असाच आला, तोंड धुतलं, आणि ती अंगणातल्या पायरीवर बसली होती तिथे खालच्या पायरीवर येऊन बसला. तिचे हात मांडीवर उघडे पडले होते. त्याने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं.

"पुढच्या टोकासाठी राहिलीस," तो हसून म्हणाला.

ती हात पदराखाली घ्यायला गेली.

"असू दे गं," तो म्हणाला. "जरा टेकतो."